एक टक्का

शाहूपुरीत, जिन्याखाली चपला काढून
आम्ही वर गेलो, मी आणि दस्तगीर शिकलगार.
एकोणीस वर्षं उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर
पंपाचे शाफ्ट उतरवलेले,
नखांत अजून कटिंग ऑइल.
खुर्ची मळेल म्हणून दस्तगीर उभाच.

मृण्मयी मॅडम आमच्या पोरींएवढ्या.
म्हणाल्या, "आधी ठरवा, धंदा कुणाचा?"
"आमचाच की."
"तसं नाही. कागदावर."

मग पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढले.
एकट्याची मालकी : धंदा आणि माणूस एकच कातडं,
धंद्याला खोक पडली की रक्त घरात.
भागीदारी : त्यानं उधारीवर सही केली
तर झोप माझी उडणार.
एलएलपी : मधे एक भिंत,
पण भिंतीला रंग दर साल द्यायचा, काम असो नसो.
आणि प्रायव्हेट लिमिटेड :
एक नवाच माणूस, जो जेवत नाही, दमत नाही,
आपण गेलो तरी जात नाही.
दस्तगीर म्हणाला, "असला गडी दुकानात नको, मॅडम.
त्याच्यासंगं बोलायचं काय?"

भागीदारी ठरली.
पाचशेचा स्टॅम्प. गाळ्याचं लाइटबिल
मालकाच्या वारलेल्या वडलांच्या नावावर,
त्यापायी तीन हेलपाटे.
उद्यमचा नंबर तेवढा फुकट आला,
चहा निवायच्या आत.

कलम अकरा मॅडमनी हळू वाचलं :
भागीदाराचा मृत्यू झाल्यास.
पंखा तेवढा फिरत राहिला.
"दोघांचीच फर्म आहे, काका.
एक गेला, की फर्मही गेली."
लेथवर आम्ही सूतसूत जास्त ठेवतो, चुकलं तर असावं म्हणून.
इथं ठेवायला काही नव्हतं.
दस्तगीर खिडकीतून खाली रिक्षा बघत म्हणाला,
"मग तिसरा घालूया की. वैनीस्नी घाल.
पैसा कुणाचा हाय?"

पैसा शालनचा. सात वर्षांची भिशी.
जुन्या लेथचा ॲडव्हान्स तिनं मोजून दिला तेव्हा
नोटांना मेथीदाण्याच्या डब्याचा वास होता.

ती मसुदा वाचत बसली, शेवटच्या पानापासून मागं.
"मला वीस टक्के? कुणी ठरवलं?"
"मॅडमनी, उदाहरण म्हणून."
"उदाहरण खोडा. तिघांचं सारखं करा."

आणि गाठ पडली शंभराशी.
तेहतीस, तेहतीस, तेहतीस,
आणि एक टक्का उरलेला टेबलावर,
ताज्या कापलेल्या कडेच्या बरीसारखा, बोचणारा.
लोखंडाचा असता तर कानस मारून काढला असता.
मी म्हटलं, तू घे, चक तुझा.
तो म्हणाला, तू घे, पहिली ऑर्डर तुझ्या वळखीची.
"न्हाईतर त्याचा चहा पिऊया."
"चहाच्या नावानं हिस्सा टाकता येत नाही, काका."
मॅडमनी दशांश चिन्ह दिलं, तर ते
तीन तीन तीन करत पानाबाहेर चाललं.

शालन इतका वेळ गप्प.
मग म्हणाली, "भिशीसारखा फिरवा.
दर साली चिठ्ठी काढायची, ज्याची निघेल त्याच्याकडं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"असं कलम मी आजवर लिहिलं नाही."
"मग लिवा की आता."

कागद आता पिठाच्या डब्याखाली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.
पहिल्या सालाची चिठ्ठी दस्तगीरच्या धाकटीनं उचलली.
नाव सांगत नाही.
ज्याचं निघालं, त्या माणसानं
त्या संध्याकाळी लेथ पुसला,
दोनदा.